राजाबाईची फिक्कट गोबी

निपाणीत शाळेच्या कोपऱ्यावर राजाबाईचा गोबी मंच्युरीचा गाडा. वीस वर्षं विड्या वळून बोटं आखडली, तेव्हा तिनं हातात झारा घेतला आणि बघता बघता गावभर नाव केलं. शाळा सुटली की पोरींचं मोहोळ गाड्याला लटकायचं. त्यात सहावीतली तिची नात रचनाही असायची. तिला आजी कौतुकानं दोन-दोन प्लेटा भरवायची.

एके दिवशी पालकसभेचं बोलावणं आलं. सून मंगल कामावर, म्हणून राजाबाईच गेली. वर्गशिक्षिका लतिकाबाईंनी पडद्यावर माहितीपट लावला. बाहेरचं तळकट खाणं आणि पोरांची वाढती वजनं, असा विषय. परदेशातलं एक बारा वर्षांचं पोरगं दोन जिने चढून धापा टाकत होतं. मग कढई दिसली, डांबरासारख्या तेलाची. राजाबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्या कढईतलं तेल तिसऱ्या दिवशी असंच दिसायचं.

दिवे लागले. बाई म्हणाल्या, "कुणाला काय वाटलं, मोकळेपणानं सांगा."

एका आईनं घरातला मैदा बंद केल्याचं जाहीर केलं. तंबाखूच्या वखारीतले मारुतीराव उठले. "शाळंपुढनं ह्ये गाडंच उचलाय पायजेत!"

सगळ्या माना राजाबाईकडं वळल्या. ती सावकाश उठली.

"उचला की. पण मारुतीअण्णा, दर शनवारी दोन पार्सल कुणाच्या घरात जात्यात, त्येबी सांगा. त्यातलं एक लई तिखाटाचं."

हशा पिकला. मारुतीरावांचंही पोट हसून हसून हललं.

सभा जिंकली खरी, पण ते धापा टाकणारं पोरगं काही डोळ्यांपुढून हलेना. वाटेत चढ लागला. सोबतची रचना मधेच थांबली, "थांब की गं आज्जी," म्हणाली, आणि राजाबाईच्या काळजात चर्र झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं कढईत ताजं तेल ओतलं. गोबीत घालायच्या लाल रंगाची पुडी उकिरड्यावर गेली. गोबी निघाली फिक्कट.

"आज्जी, ह्या गोबीला काय ताप आलाय व्हय?" पोरी खिदळल्या आणि पुढं गेल्या. चार दिवस गाड्यावर शुकशुकाट.

"आत्ती, पिक्चर बघून कुणी धंदा बुडवतंय व्हय?" मंगल वैतागली.

"गप बस. लाल रंग काय पुडीतच असतोय?"

राजाबाईनं बेडगी मिरच्या भिजत घातल्या, सकाळी पाट्यावर बारीक वाटल्या. गोबीला असा रंग चढला की मंगलनंच पहिला घास उचलला.

पोरी परतल्या, पण आता गाड्याला कायदा आला. गोबी फक्त शनिवारी. बाकीचे दिवस उकडलेल्या शेंगा, नाहीतर मोड आलेली मटकी, वर कांदा आणि लिंबू. मारुतीराव मंगळवारी पार्सल मागायला आले, तर तिनं त्यांच्याही हातात मटकीचा द्रोण ठेवला. ते कुरकुरले, आणि उभ्या उभ्या दोन द्रोण संपवून गेले. रचनानं आठवडाभर तोंड वाकडं केलं. मग ती स्वतःच मैत्रिणींच्या द्रोणात लिंबू पिळायला उभी राहू लागली.

एका पोरीनं विचारलं, "आज्जी, मटकीवर शेव?"

"शेव तळल्यालीच की गं!" राजाबाई डोळे वटारून म्हणाली. मग इकडंतिकडं बघून चिमूटभर टाकलीच. "बास. ह्यापेक्षा जास्त न्हाय."