तळ्याचा धनी

बळवंत मास्तर मेलेल्या राजांबद्दल असं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं ते कालच मास्तरांच्या ओसरीवर पान खाऊन गेले. "हा मोठा हट्टी गडी, बरं का! पन देवळं बांधायले हात मोकळा." कारंज्याच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी गणित. त्यांचा तास सुरू झाला की भिंतीपलीकडची माझी पोरंही कान तिकडंच लावत. मला मास्तरांचा असा राग येई!

पुण्याच्या एका मंडळानं नवा कोश काढायला घेतला आणि कामरगावकडच्या एका जुन्या राजावर मास्तरांकडून लेख मागवला. त्या राजानं तिथं तळं बांधलं होतं. त्याचं खरं नाव ताम्रपटात सापडलेलं; पण तळ्याकाठच्या गावात ते कोणी तोंडातून काढत नसे. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना, तसं अख्खं गाव राजाचं नाव टाळी. सगळे म्हणत, तळ्याचा धनी.

संपादकांनी बजावलं, लेख ताम्रपटातल्या नावाखालीच जाईल, गावठी नावं गाळा. झालं! मास्तरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"अहो, द्या पाठवून आणि व्हा मोकळे," मी म्हणालो.

"तुमचं बरं हाय, तुमच्या गणितात कोनी रुसत नाई! त्या गावचं लेकरू उद्या कोश उघडीन, तं त्याले त्याचा राजा कोठं भेटन?"

त्यांनी उलट कळवलं: लेख ताम्रपटातल्या नावाखाली घाला, पण 'त' अक्षरात 'तळ्याचा धनी' अशी नोंद देऊन तिथून लेखाकडं वाट दाखवा. नाही तर माझा लेख परत करा. बरेच दिवस उत्तर नाही. मास्तर पोस्टमनला पाहून उगाच खोकत. शेवटी होकार आला, तेव्हा मला वर्गातून ओढून नेऊन त्यांनी चहा पाजला.

छापील खंड आल्यावर आम्ही बैलांची दमणी जुंपून त्या गावी गेलो. पारावर सगळं गाव जमलं. सगळ्यांत म्हाताऱ्या सगुणाआजी पुढं बसल्या.

"मास्तर, आमचा धनी आला का पोथीत?"

"आला ना, आजी." मास्तरांनी पान काढलं. "तळ्याचा धनी. पाहा..." आणि थांबले.

"काहून थांबले, बापा?"

"पुढं त्यायचं नाव हाय, आजी."

आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग नका घेऊ. छापलं ना? बस झालं. बाकीचं वाचा."

मास्तरांनी मोठा लेख उघडला. मी शेजारून पानावर नजर ठेवून होतो. जिथं जिथं ताम्रपटातलं नाव आलं, तिथं तिथं ते न अडखळता 'आमचे धनी' म्हणत गेले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.