वानवळा नको, पाळी हवी

आमचं घर वेगळं निघालं तेव्हा मला नांदायला येऊन फार दिवस झाले नव्हते. मोगलाईचा, म्हणजे निजामाचा, कारभार होता. पाटोद्याच्या कचेरीत त्याला ‘तकसीम’ म्हणत, पटवारी ‘थोरल्याचा हिस्सा, धाकट्याचा हिस्सा’ असं वाचून दाखवी. पंच ‘वाटणी’ म्हणत. आम्ही बायका नुसतं ‘वेगळं निघणं’ म्हणायचो.

घरात भाऊ दोघंच. थोरले दीर आणि आमचे मालक. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. सासूबाई गेल्या तेव्हा मालक रांगत होते. अक्का तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली पोर. तिनंच त्यांना कडेवर वाढवलं. त्यामुळं बाजाराला निघाले की मालक आधी तिच्या उंबऱ्याशी उभे राहत, “वैनी, काय आणू?” मला कधी विचारलं नाही. मी भाकरी वाढली की खाली मान घालून खात. तिनं वाढली की भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप मागून घेत. हे मी चुलीपाशी बसून बघायची आणि फुंकणी मारत राहायची. डोळ्यांत पाणी आलं तर धूर होताच.

अक्काला एकामागं एक पोरं झाली, घर पुरेना, म्हणून वेगळं व्हायचं ठरलं. आमच्याकडं रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिली उचल धाकट्याची. दिरांनी दोन वाटे पाडले. एक विहिरीचं रान, लहान पण काळंभोर. दुसरं माळाचं, दुप्पट मोठं, सगळं मुरमाड. त्याच्याबरोबर घरची खिल्लारी जोडी.

आदल्या दिवशी रानात भाकरी घेऊन गेले तेव्हा मी मालकांना म्हणाले, “आवं, हिरीचं रान उचला. बैल काय, पुढं घेता येत्याल.”

“बरं,” ते म्हणाले. मी समजले, त्यांनी शब्द दिला.

पाडव्याला सकाळी पंच ओसरीवर बसले. ताटात दोन सुपाऱ्या ठेवल्या, उजवी विहिरीची, डावी माळाची. दाराआड मी आणि अक्का उभ्या होतो. तिचं धाकटं पोर तिच्या कडेवर होतं. मालकांनी एकदा दाराकडं बघितलं. माझ्याकडं नाही, तिच्याकडं. आणि डावी सुपारी उचलली.

“वा रं वा! भाऊ आसावा तर आसा,” पंच म्हणाले. अक्कानं पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले होते, पण ते कुणी बघितले नाहीत.

घरात आल्यावर मी विचारलं, “कावून उचलली ती?”

“वैनीची पोरं लहान हाईत. हिरीबिगर काय करत्याल?”

“आन् आपल्याला हुत्याल त्येंचं काय?”

ते बैल बांधायला निघून गेले.

माळाचा खालचा कोपरा विहिरीच्या पाटाला लागून होता. तिथं मी वांगी-मिरची लावली. पाणी पाहिजे झालं की मालक अक्काकडं मागायला जात. तिथंच बसत, तिथंच जेवत, आणि परत येताना हातात झाकलेलं ताट असे. कधी तिच्या वाफ्यातली पहिली वांगी, कधी म्हैस व्याल्यावरचा खरवस, कधी हुरडा. वानवळा. घरात नवं काही आलं की भावकीत पाठवतात तो. वानवळ्यावर कुणाचा हक्क नसतो, देणाऱ्याची मर्जी असते. तिनं मर्जीनं दिलं, सगळं गाव तिला मनाची मोठी म्हणालं. आणि माझी वांगी मात्र पाण्यावाचून कोपऱ्यात माना टाकून उभी. आम्हाला पाणी द्यायची आठवण तिला आपला वाफा भिजल्यावरच व्हायची.

एकदा तिच्याच वांग्यांचं भरीत मी केलं. मालक खाऊन म्हणाले, “वैनीच्या रानाला चव लई हाय.”

मी ताट सरकवलं, डोक्यावर पदर घेतला आणि थेट विहिरीवर गेले. अक्का पाटात धुणं धूत होती.

“अक्का, पानी मागून नको. पाळीनं पायजे.”

“आगं, मी कदी न्हाई म्हनले का? आपलंच हाय की.”

“आपलंच हाय तर पाळी लावा. तुमची मोट आमच्या बैलांवर चालती. बैल न्यायला तुमी कदी मागायला आलाव का? सरळ सोडून नेताव.”

ती पिळायचं लुगडं हातात धरून उभीच राहिली. “तुला माझं दिलेलं गोड लागत न्हाई,” एवढंच म्हणाली.

“न्हाई लागत.”

तिनं ते दिरांना सांगितलं असणार. दिरांनी पंचांतले दोघं बोलावले आणि ठरलं: बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाणी आमचं, बदल्यात बैल त्यांच्या मोटेला.

मालक माझ्याशी बोलेनात. शेवटी एका जेवणाला म्हणाले, “वैनीला परकी केलीस तू.”

“मला आपली कदी केलीत?” मी म्हणाले. ते उठून गेले नाहीत. खाली मान घालून जेवत राहिले.

त्या साली माझी वांग्याची झाडं फळांनी वाकली. पहिली तोड मी ताटात घातली, वर फडकं झाकलं आणि अक्काकडं वानवळा पाठवला. ताट रिकामं परत पाठवत नाहीत, तिनं गुळाचा खडा घातला होता. तो मी खाल्ला नाही, बैलांच्या पेंडीच्या पोत्यात टाकला. पण आमच्या पाळीच्या दिवशी मालक पाट फोडायचे तो आधी अक्काच्या वाफ्याकडं. मी माळावरून बघत असायची. घटकाभरानं पाणी माझ्या कोपऱ्यात यायचं.

पुढं पुष्कळ वर्षांनी अक्का गेली. तिच्या पोरांनी डोकं भादरून घेतलं, तसं आमच्या मालकांनीही. न्हाव्यानं विचारलं, “तुमी कावून?” तर म्हणाले, “मीबी पोरगाच.” मी त्यांना आंघोळीला पाणी काढून दिलं. उघडं डोकं खाली घालून ते हुंदके देत होते, आणि मी पाठीवर पाणी ओतताना मनात म्हणत होते, माझ्यासाठी हा माणूस इतका रडेल का?