चादरीतला ळ

भवानी पेठेत चन्नप्पा शेठच्या कारखान्यात बसलिंगप्पा चादरींचे नक्षे काढायचा. म्हणजे चौकडीच्या कागदावर मोर काढायचा. बारा वर्षं मोर. बदल म्हणून कधी कमळ. मोर कागदावर बसला की त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्या मागावर चढवायच्या, की माग आपला मोर विणत सुटायचा. बसलिंगप्पाला मोरांचा इतका वीट आला होता की खराखुरा समोर आला असता तरी त्याने तोंड फिरवलं असतं.

त्याला आवडायच्या त्या भिंती. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत पेठेतली एक भिंत कोरी राहिली नव्हती. लिहिणारा रेवणसिद्ध पेंटर, पन्नाशीचा, तिरसट, शिडीवर उभा राहून विडी ओढणारा. प्रचार कुणाचाही असो, अक्षर त्याचंच. आखणी नाही, दोरी नाही, ब्रश टेकवायचा आणि सुटायचं. त्याचा ळ तर बघत राहावा. दोन्ही पोटं गरगरीत, आणि शेपटी शेजारच्या अक्षराला ढुशी द्यायला निघालेली.

निवडणूक संपली, भिंतींना चुना लागला. महिन्याभरात चुन्याखालून अक्षरं डोकावू लागली, नवी, जुनी, एकावर एक, अर्धीमुर्धी. लोकांना ती घाण वाटायची. बसलिंगप्पा मात्र सायकल उभी करून बघत राहायचा. एक दिवस त्याने ती सगळी अक्षरं सुटी करून, नीट कागदावर उतरवली आणि शेठपुढे ठेवली.

"मोर चांगला खपतोय की रे," शेठ म्हणाले. "ह्ये काय, भिताड पांघरायचं व्हय लोकांनी?"

"एक माग द्या, शेठ. माझ्याच घरात कुणी वापरली न्हाय, तर जलमभर मोर काढतो. परत तोंड उघडणार न्हाय."

शेठनी तो शब्द पकडून ठेवला आणि एक माग दिला.

चादर निघाली. निळ्यावर पांढरी टपोरी अक्षरं. खरं सांगायचं तर इतकी देखणी चादर पेठेत आधी झाली नव्हती. बसलिंगप्पाने ती दुपारी घरी आणून आईच्या बाजेवर अंथरली. काशम्मा जेवून आडवी व्हायला आली, बसली, आणि पसरायला निघालेले पाय तिने पोटाशी ओढले.

"बेडप्पा, बेडा," ती कानडीत नको नको म्हणाली. "अक्षराला पाय लावू व्हय मी?"

काशम्माला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण रद्दीच्या कागदावर पाय पडला तरी वाकून त्याला हात लावायची आणि तो हात डोळ्यांना. सून महादेवीने चादरीची घडी केली आणि देवाच्या फडताळात ठेवून दिली.

बसलिंगप्पा स्वतःवरच चिडला. चादरीत पाय असतात, हे चादरवाल्याला सुचू नये! कारखान्याचं नावसुद्धा कोपऱ्यात विणतात आणि गिऱ्हाइकं ती बाजू उशाला घेतात, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. निमूटपणे तो पुन्हा मोराला बसला.

मोर काही पुढे सरकेना. संध्याकाळी घरी जाताना तो भिंतीपाशी थांबला. चार माणसं गप्पा मारत उभी होती, एकेक पाय मागे भिंतीला टेकवून, थेट त्या चुन्याने खाल्लेल्या अक्षरांवर. त्यात त्याची महिन्यातून दोनदा अभिषेक करणारी मावसभावंडंही होती. कुणी डोळ्यांना हात लावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा कागद घेतला. शिरोरेघा उडवल्या. कुठे नुसता काना ठेवला, कुठे वेलांटीची कमान, कुठे अर्धं पोट. ळ मोडताना हात अडखळला. आपण चोरून आणलेलं मूल लंगडं करतोय, असं त्याला वाटलं. पण मोडला. त्याच्या शेपटीचा वळसा तेवढा एका कोपऱ्यात ठेवला. मग दिलेला शब्द गिळून शेठकडे आणखी एकदा माग मागितला, आणि शेवटचा म्हणून त्यांनी तो दिला.

काशम्माने नवी चादर हाताने चाचपली. "ह्यात काय लिवलंय?"

"काय न्हाय, आई. नुसत्या रेघा."

तिने पाय पसरले आणि पाच मिनिटांत घोरू लागली. शेठनी दोन मागांवरून मोर उतरवून ही चादर चढवली.

चादर भरपूर खपली. बसलिंगप्पाला मात्र रेवणसिद्धची टोचणी होती. त्या माणसाला त्याने विचारलंच नव्हतं. त्यातून त्या थंडीत पेंटरचा हात कापू लागला आणि शिडी सुटली. पेठेत त्याचं म्हणून एक धड अक्षर उरलं नाही. शेवटी बसलिंगप्पा एक चादर घेऊन त्याच्या घरी गेला.

रेवणसिद्धने ती बाजेवर पसरली. कापरा अंगठा रेघांवरून फिरत कोपऱ्यात आला आणि थांबला.

"ह्यो माझा ळ हाय."

"व्हय."

"मोडलास की रं त्येला."

"आई पाय लावीना, काका. माझं चुकलं, तुमाला इचारायला पायजे हुतं."

रेवणसिद्धने चादरीला हात घातला. बसलिंगप्पाला वाटलं, आता चादर अंगावर फेकणार. पण त्याने ती उचलली, गोल फिरवली, तो कोपरा उशाकडे घेतला, आणि मगच तिच्यावर पाय पसरले.