सदर फोटो त्वरित काढावा

उखर्डूभाऊंबद्दल ज्याला लिहिता येतं अशा कुणीतरी लिहायला हवं होतं. पण तसं कोणी लिहील असं दिसत नाही, आणि त्यांच्या-माझ्या घरांत एकच भिंत असल्यामुळे मला थोडंफार ठाऊक आहे. तेवढंच सांगतो. चुकलं तर त्यांची बायको भिकुबाई ओरडेलच.

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं धरण आहे. उखर्डूभाऊ तिथले चौकीदार. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं. ते स्वतःच हे हसत सांगत. "माले देवनी उकिरडावर देखं नि सोडी दिधं," म्हणत.

धरणाच्या फाटकावर बोर्ड आहे, 'येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.' बोर्डाचा रंग उडाला की भाऊ स्वतः ब्रश घेऊन अक्षरं गिरवत. 'सक्त' हा शब्द जरा जास्तच जाड गिरवत.

पूर्वी कॅमेरेवाला एखादाच यायचा. मोबाइल आल्यापासून मात्र माणूस तितके फोटो. चोपड्याहून, यावलहून पोरं मोटारसायकलवर येत. लग्न ठरलेली जोडपी येत, त्यांच्याबरोबर छत्र्या, फुगे आणि झगा सावरायला एक बहीण. भाऊ कुणावर ओरडत नसत. आधी माठातलं पाणी पाजत. कोणाची पोरगी, कोणत्या गावची, केळी कशी आहे, सगळं विचारत. पोरांना वाटे, म्हातारा आपला झाला. मग कोणी हळूच मोबाइल वर केला की भाऊ समोर येऊन उभे.

"डोया भरीसन देखा. फोटो नको."

एकदा त्यांची मुलगी रत्ना नव्या नवऱ्याला घेऊन धरण दाखवायला आली. जावयाने भिंतीवर उभं राहून मोबाइल काढला. भाऊंनी जावयाच्या हातात चहाचा कप दिला आणि मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवला. जावई जेवायलासुद्धा थांबला नाही. भिकुबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही, मला मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं, कारण ती भांड्यांशी बोलत होती.

नोकरीचा शेवटचा महिना आला तेव्हा भिकुबाईने विषय काढला.

"जगभरना लोकेस्ना फोटो अडावात तुम्ही. आपला एक बी नही. त्या ओळखपत्रना फोटोमा तं तुम्ही चोर दिखतस."

"मंग काय करू?"

"धरणवर, वर्दीमा, माले संगे लिसन. एक."

बायकोने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही नेमकं हे. वर्दी महिनाअखेर उतरणार होती. त्यानंतर धरणावर जायचं तर पाहुणा म्हणून, आणि पाहुण्याला फोटो नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

शेवटी ते आमच्या शाखा अभियंता मेघा मॅडमकडे गेले. मॅडम धुळ्याच्या, वयाने रत्नाएवढ्या. त्या म्हणाल्या, "उखर्डूभाऊ, एवढंच ना? मी जळगावला साहेबांना विचारते." त्यांनी साहेबांना व्हॉट्सअॅपवर लिहिलं. जागा कळावी म्हणून सोबत धरणाचा एक फोटोही जोडला. तो चोपड्याचा फोटोग्राफर हिलाल याने काढून आपल्या स्टुडिओच्या फेसबुकवर टाकलेला होता, हेही प्रामाणिकपणे लिहिलं.

उत्तर येईना. शेवटचा दिवस उजाडला. दुपारपासून हिलाल कॅमेरा घेऊन फाटकाबाहेरच्या बाकावर बसला होता. भिकुबाई रत्नाच्या लग्नातलं लुगडं नेसून आली होती. मीही गेलो होतो, उगीच, सोबत म्हणून. भाऊ नेहमीसारखे फेऱ्या घालत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते.

चार वाजता मॅडम ऑफिसातून जवळजवळ धावत आल्या. मोबाइल पुढे धरून वाचलं, "सदर फोटो त्वरित काढावा!"

"काय सांगतस!" भिकुबाई उठलीच.

भाऊंनी मॅडमना पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी नीट केली आणि एकदम आम्हा सगळ्यांवर घाई सुरू केली. "चला, बेगी बेगी! साहेबना आदेश शे, त्वरित लिखेल शे! हिलाल, बसना काय रे?"

"भाऊ, मी दुपारपासून..."

"बोलू नको, चाल!"

जन्मभर ज्यांनी लोकांना भिंतीवरून खाली उतरवलं, ते बायकोचा हात धरून तिला भिंतीवर घेऊन गेले. पाणी खाली गेलं होतं, वारा मात्र होता. हिलालने कठड्याशी उभं केलं. भाऊंनी एक हात कठड्यावर ठेवला, दुसऱ्याचं काय करायचं ते कळेना, शेवटी तो भिकुबाईच्या खांद्यावर ठेवला. ती लाजली. तेवढ्यात हिलालने फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या काचेवर आम्हाला दाखवला. खरंच, फार चांगला आला होता.

आम्ही खाली उतरतो तोच मॅडमचा फोन वाजला. जळगावचे साहेब. आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू येत होता.

"काढला का फोटो?"

"हो सर, काढला. छान आलाय!"

"छान आलाय? अहो, फेसबुकवरचा! काढा म्हणजे काढून टाका!"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी सगळं खरं सांगितलं. साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, भिंतीवरच्या फोटोची परवानगी माझ्या हातात नाही. मी वर पाठवलंय. आज काही येणार नाही."

"सर, पण फेसबुकवरचा फोटो आपल्या हद्दीतला नाहीच. हिलालने तो बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून घेतलाय. तो रस्ता गावाचा आहे. तिथून जाणाऱ्याला आपण कसं अडवणार?"

"मग तो राहू द्या. भिंतीवरचा काढा."

"काढा म्हणजे..."

"मॅडम! पुसा!"

फोन बंद झाला. मॅडम भाऊंना म्हणाल्या, "माझी चूक आहे. मी काही बघितलं नाही असं समजा. ठेवा तो फोटो."

हिलालने कॅमेरा छातीशी धरला. "हां भाऊ. कोणाले समजस?"

भाऊंनी मान हलवली. "माले समजस ना." सहा वाजेपर्यंत ते चौकीदार होते. जावयाला अडवलं, नवरा-नवरींना अडवलं, तेव्हा त्यांनी 'मी बघितलं नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी हिलालच्या हातातला कॅमेरा भिकुबाईसमोर नेला. "डोया भरीसन देखी ले," म्हणाले. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर तोंडाला लावून बाजूला झाली. मला वाटलं, आता ह्यांच्या घरची भांडी वर्षभर वाजणार.

"काढ," भाऊ म्हणाले.

"कोणतं काढ, भाऊ?" हिलाल रागानेच म्हणाला.

"पुसी टाक रे."

हिलालने पुसला. मॅडम फाटकाबाहेर बघत होत्या, आणि बघता बघता म्हणाल्या, "भाऊ, रस्ता."

सहाला नवा चौकीदार नवल आला. भाऊंनी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या, माठ कधी भरायचा ते सांगितलं आणि वर्दीतच फाटकाबाहेर पडले. रस्त्यावर येऊन पायाखाली बोट दाखवत त्यांनी मॅडमना विचारलं, "आठे आपली हद्द नही ना?"

"नाही हो."

चार पावलं पुढे जाऊन पुन्हा विचारलं, "नि आठे?"

"भाऊ, आणखी पुढे गेलात तर चोपडा येईल!"

ऊन उतरत आलं होतं, हिलाल घाई करत होता. इतकी वर्षं भाऊंनी धरण थांबून पाहिलं ते आतूनच. वर उभं राहिलं की कठडा आणि पाणी, बस. इथून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत होतं, मागे सातपुडा. भाऊ त्याच्याकडेच बघत राहिले.

"भाऊ, माझ्याकडे पहा."

"हां, हां. मांगे धरण येस ना बठ्ठं?"

"सगळं येतं. इकडे पहा."

"ते सांडवानं टोक बी?" म्हणत भाऊंनी खात्री करायला मान वळवली आणि नेमका तेव्हाच हिलालने फोटो घेतला. पुन्हा घ्यायला उजेड उरला नव्हता.

आता तो फोटो त्यांच्या ओट्यावरच्या भिंतीला आहे. भिकुबाई कॅमेऱ्याकडे सरळ बघते आहे, अगदी जिंकल्यासारखी. भाऊंचा एक कान, टोपी आणि अर्धा गाल दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो दाखवते आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "माले दोन मानसेस्ना फोटो पाहिजे व्हता. हाऊ दीडना उना."