चिमूटभर भंडारा

नव्या फोटो पेपरचं पाकीट फोडलं की मला हळदीचा वास आठवतो. अणदूरला फोटोचं दुकान टाकून दोनच महिने झाले होते. खंडोबाच्या भंडाऱ्यात न्हालेल्या नवरा-नवरीचा मोठा फोटो मी छापला. नवरीच्या वडिलांनी तो दारातल्या उजेडात धरला. "ताई, भंडारा असा हिरवट असतो व्हय?" मी म्हणाले, "काका, कॉम्प्युटरवर तर पिवळाधमक दिसतोय." त्यांनी खिशातली पुडी सोडून चिमूटभर भंडारा फोटोवर टाकला, आणि फोटोतल्या हिरवट रंगावर तो वेगळाच उठून दिसला. काका असेच माघारी गेले असते तर गावातलं दुसरं कुणी फिरकलं नसतं. मग ध्यानात आलं, कागद मी नवा घातला होता, पण कुठल्या कागदावर किती शाई सोडायची हे प्रिंटरला सांगणारं प्रोफाइल जुन्याच कागदाचं राहिलं होतं. ते बदलून पुन्हा छापलं. त्यांनी परत चिमूट टाकली. या वेळी ती फोटोत कुठं मिसळली, दोघांनाही दिसेना. "आता कसं," म्हणत त्यांनी बोटानं तोच भंडारा टिपून माझ्या कपाळाला लावला. अजूनही नवा कागद आला की पहिल्या प्रिंटवर मी चिमूट टाकते, आणि ती दिसेनाशी झाली की कपाळाला लावते.