बोटीतली नवी सीट

गोराईच्या खाडीत आमची छोटी मोटरबोट आहे. बाबा ती फळीवर बसून चालवायचा आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचा. मला नुकतीच अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. त्याची कंबर गेली तर बोट माझ्याच गळ्यात पडणार, या धास्तीने मी भंगारातून एका गाडीची ड्रायव्हर सीट उचलून आणली. पाठ टेकता येणारी, एकदम झकास.

बोटीत सीट मागेपुढे सरकणारी ठेवून चालत नाही. खाऱ्या हवेत तिच्या खालच्या सरकत्या पट्ट्या गंजतात आणि ती भलत्याच जागी अडकून बसते. म्हणून आधी चालवणाऱ्याचं माप घ्यायचं आणि लोखंडी स्टँडवर कायमची वेल्ड करून टाकायची.

वेल्डर आला तेव्हा बाबा म्हणाला, "तू बस रे. सरळ आहे का ते मी धक्क्यावरून बघतो."

मी बसलो. स्टिअरिंग धर म्हणाला, धरलं. वेल्डरने खुणा केल्या, मी उतरलो आणि त्याने काम उरकलं.

मग बाबा चढून बसला. पाठ टेकली तर त्याचे हात स्टिअरिंगपर्यंत पोचेचनात. माझं डोकंच फिरलं. मी वेल्डरवर ओरडलो, "वाट लावलीस ना! माप कुणाचं घ्यायचं तेवढंही कळत नाही तुला?"

"त्याला कशाला बोलतोस?" बाबा उठत म्हणाला. "मीच सांगितलं त्याला, पोराचं घे."

आणि हाताने सीट पुसून तो बाजूला उभा राहिला.