एकतर्फी रस्सीखेच

सकाळी चूळ भरायला गेलो, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून मला न विचारताच चालतं झालं. आरशात पाहिलं. उजवा अर्धा मीच होतो, डाव्या अर्ध्याला मात्र कुणीतरी इस्त्री केली होती. एक सुरकुती नाही! पन्नाशी उलटल्यावर तरुण दिसायचा योग आला, तोही अर्ध्याच तोंडाला.

डॉक्टरांनी हात उचलायला लावले, बोलायला लावलं आणि मेंदूचं काही नाही याची खात्री करून घेतली. चेहऱ्याची नस सुजली होती. गोळ्या दिल्या आणि मला नव्या पनवेलच्या एका फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. ती माझ्या मुलीच्या वयाची.

"काका, स्नायू शाबूत आहेत. फक्त त्यांना निरोप पोचत नाहीये."

मग तिने मला शिकवलं. स्नायूला एकच काम येतं, आखडून ओढायचं. ढकलणं त्याला जमत नाही. म्हणून कोपर वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा. अंगातले बहुतेक स्नायू हाडं ओढतात, चेहऱ्याचे मात्र कातडी ओढतात. पापणी मिटणारा वेगळा, उघडणारा वेगळा, दोघांच्या नसाही वेगळ्या. म्हणून माझा डावा डोळा उघडायचा, पण मिटायचा नाही.

"सरळ चेहरा म्हणजे रस्सीखेच असते, काका. दोन्हीकडून सारखं ओढलं जातं, म्हणून तोंड मधे राहतं. तुमची डावी टीम सध्या मैदानातच नाही."

"म्हणजे उजवी जिंकली?"

"हो ना. म्हणून तर तुम्ही सारखे हसताय."

खरंच, मी हसत होतो. तोंड उजवीकडे वर ओढलेलं, कुणाची तरी फजिती पाहून गालात हसावं तसं. घरी येऊन सगळ्यांना मी हा किस्सा साभिनय सांगितला, अभिनयाचा खर्च निम्मा.

तिसऱ्या दिवशी माझ्या मित्राची बायको गेली.

या मित्राबरोबर मी वीस वर्षं गणपतीत नाटुकली केली. तो कडक मालक, मी बावळट गडी. काही झालं तरी हसायचं नाही हे त्याचं काम आणि त्याला हसवायचं हे माझं. वीस वर्षांत तो एकदाही हसला नाही. त्याची बायको तालमीला चहा घेऊन यायची आणि मी कोणत्या वाक्याला चुकणार ते आधीच सांगून ठेवायची.

तेराव्याच्या आत भेटायला जायलाच हवं होतं. पण हे तोंड घेऊन? माझ्या आजाराचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याची बायको गेल्यावर मी दात काढत त्याच्या दारात उभा राहिलो, तर वीस वर्षांची मैत्री तिथेच संपली असती. मी सात दिवस घरात बसून राहिलो. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. उघडा राहिलेला डावा डोळा दिवसभर पाणी गाळायचा, पण त्याचा शोकाशी संबंध नव्हता. उजवा कोरडा. आतही सगळं दाताचं इंजेक्शन घेतल्यासारखं झालं होतं.

आठव्या दिवशी तोंडाला रुमाल लावून सुकापूरला गेलो. खाली सतरंजी अंथरलेली. भिंतीला टेकून तो, शेजारी उरणहून आलेली त्याची आत्या. आठ दिवसांत हा ना धड जेवला ना रडला, असं त्याच्या बहिणीने मला दारातच सांगितलं होतं. त्याचा चेहरा मालकाच्या भूमिकेतला होता. मी समोर बसलो. बोलायचं तर रुमाल काढावाच लागला.

"हसतो काय हा?" आत्या कडाडली. "कुनाच्या घरी बसलाय, कलत नाय याला?"

मित्राने मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"नाही हसत तो, आत्या. हा हसला की याचे कान हलतात."

कान! हे मलाही माहीत नव्हतं. वीस वर्षं न हसता समोर उभा राहून त्याने माझे कान पाहिले होते.

"काय झालं रे?"

"नस सुजली. सांगणार होतो, पण..."

"व्यायाम दिलेत?"

"आरशासमोर, वीस वीस वेळा."

"करतोस?"

"नाही."

"कर. मी आरसा होतो."

मी भुवया वर केल्या, म्हणजे एक केली. त्यानेही केल्या. गाल फुगवले, माझा वारा डावीकडून फुस्सकन निघून गेला. त्याने फुगवून धरले. मग 'ई'. मग 'ऊ'.

"याला पन लागलं काय आता!" आत्या त्याच्या बहिणीला म्हणाली.

"हलला," तो म्हणाला. "डावा गाल हलला तुझा."

काहीही हललं नव्हतं. डावीकडे सगळा शुकशुकाट होता. पण इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलणारा नट मी दुसरा पाहिलेला नाही.

"परत," तो म्हणाला.

मी परत 'ऊ' केला. त्यानेही ओठ पुढे काढले आणि त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. आधी थोडा, मग थांबेचना. हे व्यायामात नव्हतं. मी माझा अर्धा 'ऊ' तसाच धरून ठेवला, कारण आता आरसा मी होतो. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.